अंड्यावरची कोंबडी

सुरतेच्या बमरोलीत खाडीच्या अंगाला पत्र्याच्या छपराची एक चाळ होती. तिथल्या कुणाला कोंबडी घ्यायची असली की तो बाजारात जाण्याआधी भागीरथीबाईच्या दारात यायचा, सल्ला घ्यायला. बाई शाळेची पायरीही चढली नव्हती, पण कोंबडीच्या बाबतीत तिला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. हातात कोंबडी आली की ती आधी तिचा तुरा चिमटीत धरायची. लाल आणि गरम असला तर ठीक. मग कोंबडी उलटी करून मागच्या दोन हाडांच्या मध्ये बोटं घालायची. दोन बोटं बसली तर कोंबडी अंड्यावर आहे, एकच बसलं तर विकणारा खोटं बोलतोय. विकणाऱ्याच्या तोंडावर ती हे सांगायची, त्यामुळे विकणाऱ्यांचं आणि तिचं फारसं जमायचं नाही.

जातींबद्दल तिची मतं पक्की होती आणि ती कुणी विचारलं नाही तरी ऐकावी लागायची. पांढरी लेगहॉर्न म्हणजे नोकरदार बाई. रोज अंडं देणार, पण उबवायला बसणार नाही, आणि उन्हाळ्यात मान टाकणार. तिचा रस्सा म्हणजे हळद घातलेलं पाणी. काळी कडकनाथ झाबुआकडच्या मजुरांबरोबर यायची. दमेकरी म्हाताऱ्याला तिचा रस्सा चांगला, पण अंड्यांच्या नावाने बोंब. असील आई म्हणून नंबर एक, फक्त शेजारणीसारखी भांडकुदळ. आणि पिंजऱ्यातल्या ब्रॉयलरला ती कोंबडीच म्हणायची नाही. चाळीस दिवसांत फुगलेला कापूस, म्हणायची.

ती मूळची शिंदखेड्याकडची. नवरा भाईदास लूमवर कामाला म्हणून सुरतेला आला, त्याच्यामागे ती आली. भाईदास छातीच्या दुखण्याने गेला, तेव्हा मुलगा गोपाल लूमखात्यात लागलेला होता. खोलीमागच्या चार हात जागेत तिने पत्रे आणि बांबू लावून खुराडं केलं आणि बाकीचं आयुष्य त्या खुराड्याभोवती घालवलं.

तिच्या माहेरची एक रीत होती आणि ती तिने चाळीतही रुजवली होती. पहिलटकरणीला पाचव्या दिवशी कोंबडीचा रस्सा द्यायचा, आणि ती कोंबडी अंड्यावरची हवी. म्हातारी नको, कोंबडा नको. कारण अंड्यावरच्या कोंबडीच्या पोटात न घातलेल्या अंड्यांची माळ असते. पहिलं मोठ्या लिंबाएवढं, दुसरं बोराएवढं, मग वाटाणा, मग मोहरी. नुसते पिवळे बलक, कवच नाही, पांढरं नाही. ती अख्खी माळ रस्स्यात शिजवायची आणि बाळंतिणीने ती एकटीने खायची, कुणाला चाखायलाही द्यायची नाही. कोंबडीचं पुढचं सगळं देणं बाळंतिणीच्या अंगात उतरतं, असं म्हणत. देणाऱ्या घराला त्यात खरी झळ बसायची, आणि म्हणूनच त्या रस्स्याला मान होता.

पिवळी तिच्याकडे नव्वद सालच्या पावसाळ्यात आली. मांडवीच्या बाजारात एक भिल्लीण टोपलीत दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, घेऊन बसली होती. अंकलेश्वरच्या बाजूचं वाण, गव्हाच्या काडीच्या रंगाचं, मानेवर तांबूस झाक. दोघी बहिणी इतक्या सारख्या की भागीरथीशिवाय कुणाला ओळखू येत नसत. एक साधारण निघाली. दुसरी, म्हणजे पिवळी, निघाली ती अशी की भागीरथीला पुन्हा वयात आल्यासारखं झालं. दिवसाआड नव्हे, जवळजवळ रोज अंडं. तेही भर दुपारी बाराच्या सुमाराला, आणि घातलं की चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा कलकलाट. तिचा आवाज किंचित फाटका होता, शेवटी वर चढायचा. भागीरथी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "उनी मन्ही राणी." आली माझी राणी.

त्या वाणाची पिल्लं धरायची, हा भागीरथीचा ध्यास झाला. पहिल्या खेपेला अकरा अंडी असीलखाली ठेवली तर मुंगसाने असीलला उठवून अंडी खाल्ली. दुसऱ्या खेपेला असील पुन्हा खुडूक होऊन उबवायला बसेपर्यंत महिने गेले. ती झाली तेव्हा मार्गशीर्ष लागला होता आणि सून जयश्रीचे दिवस भरले होते.

पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण अंमळनेरला जयश्रीच्या वडिलांचं अर्धं अंग गेलेलं, आई शोभाबाई त्यांच्या उशापायथ्याशी बांधलेली. ती भागीरथीपेक्षा दहा वर्षांनी मोठी, शांत बाई. एका दिवसापुरती सुरतेला आली, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जाताना विहिणीला एवढंच म्हणाली, "याहीनबाई, मन्ही आंडेर तुमना पदरमा शे." माझी लेक तुमच्या पदरात आहे. भागीरथीने छातीवर हात ठेवून सांगितलं, पाचव्या दिवशी माझी पिवळी कापीन.

मुलगी झाली. राखी नाव ठेवायचं जयश्रीनेच ठरवलं होतं. पाचवा दिवस उजाडला आणि भागीरथी सुरी घेऊन परसात गेली. डालग्याखाली पिवळी होती. असीलखाली त्या वेळी पिवळीची सात अंडी होती आणि भागीरथीला अकरा हवी होती. अजून चार दिवस, चार अंडी. वाण धरलं की मग काय, कापूच. तिने सुरी पदराखाली घातली, हातात पिशवी घेतली आणि पांडेसऱ्याच्या रस्त्यावरच्या दुकानातून ब्रॉयलर आणली.

जगात लोक याहून मोठी पापं करून सुखाने झोपतात, हे मान्य. पण ज्या बाईने आयुष्यभर ब्रॉयलरला कोंबडी म्हटलं नाही, तिने ती आपल्या बाळंतीण सुनेला पिवळी म्हणून वाढली. आणि वाढताना अक्कल किती वापरली बघा. कांदा काळा होईपर्यंत भाजला, म्हणजे रस्स्याचा फिकेपणा झाकेल. हळद जास्त घातली, वर तीळतेल सोडलं, म्हणजे गावरान कोंबडीचा पिवळा तवंग वाटेल. आणि माळ? ब्रॉयलरच्या पोटात कुठली माळ? तिने उबवायला जुनी झालेली पिवळीचीच दोन अंडी उकडली, पांढरं काढून टाकलं आणि दोन बलक अलगद रस्स्यात सोडले.

जयश्री भिंतीला टेकून बसली होती. भागीरथीने वाडगा पुढे ठेवला, "पी माय, पिवळी शे." जयश्रीने बोटाने एक बलक उचलला. मग दुसरा. दोन्ही एकाच मापाचे. ती कोंबड्या पाळणाऱ्या घरातली पोर, माळ कशी असते ते तिला सांगायची गरज नव्हती. ती बलकांकडे बघत राहिली, आणि तेवढ्यात परसात पिवळीने अंडं घातलं.

तो फाटका, शेवटी वर चढणारा कलकलाट. पूर्ण, शेवटपर्यंत.

जयश्रीचा हात थांबला. भागीरथी तिच्याकडे बघू शकली नाही, ती बाळाची दुपटी घडी करायला लागली. मग तिला वाडगा उचलल्याचा आवाज आला. जयश्रीने बलक खाल्ले, रस्सा तळापर्यंत प्यायली आणि वाडगा खाली ठेवून म्हणाली, "चांगला व्हयना माय. तुम्हीबी ल्या थोडा."

नवव्या दिवशी ती तापाने गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आत जंतू पसरले होते, उशीर झाला. रस्स्याने कुणी मरत नाही आणि रस्स्याने कुणी वाचतही नाही, हे भागीरथीला कळत होतं. ती वेडी नव्हती. पण जयश्री रागावली असती, निदान वाडगा सरकवला असता, तर भागीरथीने तो अपराध दोन दिवस रडून संपवला असता. ती पोर सगळं समजून गोड बोलली, आणि त्या गोड बोलण्याचं काय करायचं ते भागीरथीला मरेपर्यंत कळणार नव्हतं.

शोभाबाई आली. रडून झाल्यावर विचारलं, "रस्सा पी व्हती का ती?" भागीरथीने मान हलवली. "अंड्यावरनी?" आणि भागीरथीच्या तोंडून निघून गेलं, "मन्ही पिवळी कापी तिन्हासाठे." शोभाबाईने तिथल्या तिथे तिचे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. चाळीतल्या बाया बघत होत्या. दुसऱ्याच दिवशी भागीरथीने पिवळीच्या बहिणीला पिशवीत घातलं, कामरेजला जाऊन रस्त्याकडेच्या एका बाईला देऊन टाकलं, आणि परसात उरलेली ती बहीण आहे, तिचा आवाजही पिवळीसारखाच, असं सगळ्यांना सांगितलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण तिला माहीत होती. पण माणूस म्हणी दुसऱ्यासाठी शिकतो.

शोभाबाईला नातीला अंमळनेरला न्यायचं होतं. बिनआईची पोर, बाप दिवसभर लूमवर. पण जाताना ती बाळाला भागीरथीच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "जिनी वहूसाठे अंड्यावरनी कोंबडी कापी, तिन्हा हातमा मन्ही नात सुखमा ऱ्हाई." म्हणजे राखी भागीरथीकडे राहिली ती त्या न कापलेल्या कोंबडीच्या जोरावर. हे भागीरथी एक दिवसही विसरली नाही. खरं बाहेर पडलं तर पोर जाणार, एवढा साधा हिशोब होता.

पिवळीची अंडी मग तिने उबवायला ठेवली नाहीत. खाल्लीही नाहीत, राखीलाही दिली नाहीत. शेजाऱ्यांना वाटायची, लोक तिच्या मोठ्या मनाचं कौतुक करायचे. रोज दुपारी बाराला तो आवाज व्हायचा आणि चुलीपाशी बसलेली भागीरथी हातातलं काम टाकून, जयश्री जिथे टेकून बसली होती त्या भिंतीकडे बघायची. मग मग तर अंडं घातलेलं नसलं तरी तिला आवाज ऐकू यायचा. ती परसात जाऊन बघायची, तर पिवळी सावलीत धुळीत अंग घुसळत पडलेली असायची आणि एका डोळ्याने तिच्याकडे बघायची. चाळीतल्या बायांच्या बाळंतपणात तिला बोलावणं यायचं, ती काहीबाही कारण सांगायची. कोंबडी निवडून देईन म्हणायची, शिजवणार नाही.

कापून का टाकली नाही, असं कुणी विचारेल. तीनदा सुरी घेऊन ती गेली आणि तीनदा परत आली. विकायला नेली तर पिवळी रस्त्यात अशी गप्प बसायची की भागीरथीच्याने पिशवी दुसऱ्याच्या हातात देववायची नाही. चौऱ्याण्णवला प्लेगच्या साथीच्या भीतीने चाळ रिकामी झाली, सगळे गावाकडे पळाले. भागीरथीने निघताना खुराड्याचं दार मुद्दाम उघडं ठेवलं, आणि मनातल्या मनात म्हणाली, जा माय, कुठं तरी जा. तीन आठवड्यांनी ती राखीला कडेवर घेऊन परतली. बाकीच्या सगळ्या कोंबड्या गेल्या होत्या, कुणी नेल्या, कुत्र्यांनी खाल्ल्या. पिवळी उंबऱ्यावर बसली होती. तिला ओलांडून घरात शिरायला भागीरथीला बराच वेळ लागला.

शहाण्णवच्या चैत्रात पिवळीची अंडी थांबली. तुरा मात्र वाळायचा तो वाढत चालला, गडद लाल झाला, पायाला कोंबड्यासारखं आरीचं, म्हणजे मागच्या काट्याचं, टोक फुटलं. आणि एका सकाळी खुराड्याच्या पत्र्यावर चढून, मान ताणून ती आरवली.

राखी टाळ्या पिटत घरात आली, "आजी, आपडी मरघी कूकडो थई गई!" आपली कोंबडी कोंबडा झाली! चाळीतलं दुसरं कुणी हसलं नाही. म्हातारी कोंबडी कधी कधी अशी फिरते, हे भागीरथीला ठाऊक होतं. आजवर शेजाऱ्यांच्या अशा दोन कोंबड्या तिने बघितल्याही होत्या. पण या कोंबडीच्या बाबतीत तिचं ज्ञान तिच्या कामाला येत नव्हतं. शेजारचा उखाबाबा, चाळीतला सगळ्यांत वडीलधारा, काठी टेकत आला. "भागीरथी, कापी टाक तिले. कोंबडी आरवनी म्हणजे घरनं माणूस जास." भागीरथी उद्या उद्या करत राहिली. आठ दिवसांत राखीला हिवताप भरला.

मग चाळीने तिच्याशी बोलणं कमी केलं. बाया आपली पोरं तिच्या दारावरून ओढून नेऊ लागल्या. गोपालने अंमळनेरला कळवलं आणि शोभाबाई नवऱ्याला शेजाऱ्यांवर सोपवून तिसऱ्या दिवशी येऊन हजर झाली. तोवर ताप उतरला होता, पोरगी नुसती काडी राहिली होती. डॉक्टर म्हणाले, अंगात काही नाही, चांगलं खाऊपिऊ घाला, रस्सा द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळी आरवली तेव्हा शोभाबाई अंथरुणातून उठली, मूठभर ज्वारी घेऊन परसात गेली आणि ती कोंबडीपुढे टाकून हात जोडून उभी राहिली. परत येऊन म्हणाली, घाबरू नका. ही जयश्री आहे. तिच्या पोटात गेलेल्या पिवळीची ही बहीण, हिच्या तोंडून ती बोलते. काही तरी मागतेय. काय मागतेय तेवढं कळत नाही.

भागीरथीला कळत होतं. खाई त्याला खवखवे. चार दिवस शोभाबाई रोज सकाळी त्या कोंबडीशी बोलायची, "काय पाहिजे मन्ही माय तुले?" आणि भिंतीआड भागीरथी कानांवर हात ठेवून बसायची. पाचव्या दिवशी तिने ठरवलं. गोपाल खात्यात गेला होता, राखी झोपली होती. पिवळी गेली की अपशकुन गेला, पोरीला रस्सा मिळाला, चाळीचं तोंड बंद झालं. आणि खरी गोष्ट ही की पिवळी गेली की साक्ष गेली. मग जयश्रीच्या त्या दुपारचं जगात कुणीच उरणार नव्हतं. ती सुरी घेऊन परसात गेली, पिवळीचे पंख पायाखाली धरले आणि मान हातात घेतली.

मागून मनगटावर हात पडला. शोभाबाई होती. "नका याहीनबाई. हिन्ही बहिणीनी मन्ही आंडेरले शेवटला घास दिना." भागीरथी हात सोडवू लागली. तेव्हा शोभाबाई, तिच्याहून दहा वर्षांनी मोठी, पांढऱ्या केसांची बाई, त्या कोंबड्यांच्या घाणीत गुडघ्यांवर बसली आणि तिने भागीरथीच्या पायांवर डोकं ठेवलं. "तुम्ही देव माणूस. एक दिनी, तेवढं गंज झालं, पुरे झालं. हिले ऱ्हाऊ द्या. मी तुमना पाय पडस."

भागीरथीने चटका बसल्यासारखे पाय मागे घेतले. पिवळी सुटून खुराड्याकडे पळाली.

"हाई तिन्ही बहीण नही शे," भागीरथी म्हणाली. "हाई तीच शे. मी कापेल नव्हती."

शोभाबाईला आधी समजलंच नाही. भागीरथीने सुरी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. चार अंड्यांसाठी थांबले, ब्रॉयलर आणली, बलक सोडले. सांगताना ती रडली नाही, तिचा आवाज बाजारात कोंबडीचे दोष सांगावेत तसा कोरडा होता. शोभाबाई तशीच जमिनीवर बसून ऐकत होती.

"तिले समजनं व्हतं?" तिने विचारलं.

इथे नाही म्हणता आलं असतं. एवढं एक खोटं राहिलं असतं तर कुणाचंही काही बिघडलं नसतं, उलट म्हातारीला बरं वाटलं असतं.

"हां. समजनं व्हतं."

"मंग काय म्हणनी?"

"चांगला व्हयना म्हणनी. माले बोलनी, तुम्हीबी ल्या थोडा."

शोभाबाईने डोळे मिटले. "तशीच व्हती ती," ती म्हणाली. मग भिंतीला धरून उठली, हात धुतले आणि घरात जाऊन राखीचे फ्रॉक घडी करून पिशवीत भरायला लागली. भागीरथी दारात उभी होती. तिने अडवलं नाही. रडणं आता आलं, पण ते अडवण्यासाठी नव्हतं.

दुपारी गोपाल आला. भागीरथीने त्यालाही त्याच शब्दांत सांगितलं. तो आईकडे बघत राहिला, मग रिक्षा आणायला गेला. आपली पोर सासूबरोबर जाऊ द्यायची की नाही, हे त्याने आईला विचारलं नाही, आणि आईने मत दिलं नाही. तिच्या मताला आता त्या घरात वजन नाही, हे दोघांनाही कळलं होतं.

रिक्षा आली तशी चाळ दारात जमली. राखीला वाटत होतं, आजीपण येणार. ती सरकून जागा करत होती. शोभाबाई आत बसली, मग परत खाली उतरली आणि सगळ्यांच्या देखत भागीरथीपाशी आली. राग नव्हता तिच्या तोंडावर, असता तर बरं झालं असतं.

"पोरले मी लई जास," ती म्हणाली. "कोंबडी कापू नका. मी जवय येसू तवय ती माले आठे दिसाले पाहिजे." मी येईन तेव्हा ती मला इथे दिसली पाहिजे.

उखाबाबाने काठी आपटली. आरवणारी कोंबडी चाळीत ठेवायची? एक पोर मरता मरता वाचली, ते दिसलं नाही का? "कसाले ठेवानी?" तो ओरडला. कशाला ठेवायची? बायाही कुजबुजायला लागल्या, आणि सगळे भागीरथीकडे बघू लागले. याच बायांनी पाच वर्षांपूर्वी शोभाबाईला तिचे हात डोळ्यांना लावताना पाहिलं होतं, आणि तेव्हापासून प्रत्येक नव्या सुनेला तिची गोष्ट सांगितली होती. उत्तर भागीरथीवर सोडून शोभाबाई रिक्षात बसली.

भागीरथीने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"ती मन्ही पिवळी शे," ती उखाबाबाला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "वहूसाठे कापसू म्हणेल व्हतं. कापी नही."